पोस्टमन नाय इलो

गणपतीतली दुपार. वेंगुर्ल्याकडच्या आमच्या घरात जेवणं आटपली होती. काळ्या वाटाण्याच्या सांबाराचा वास अजून पडवीत रेंगाळत होता, माटवीला (गणपतीवर टांगायच्या लाकडी चौकटीला) बांधलेली कवंडळाची फळं वाऱ्यानं हलत होती आणि पुरुषमाणसं मिळेल त्या चटईवर आडवी झाली होती. चुलतभावाची मुलगी कॉलेजचा एक कागद घेऊन माझ्याशेजारी येऊन बसली. लोकगीतांवर प्रकल्प करायचा होता. कागदावर रकाने आखलेले: गाण्याचं नाव, गीतकार, प्रदेश, प्रसंग आणि शेवटी ‘अर्थ (दोन ओळींत)’. तिनं तीन गाणी आधीच लिहून टाकली होती. गोमू माहेरला जाते, मी डोलकर, नाच गो घुमा. गीतकाराच्या रकान्यात तिन्ही ठिकाणी ‘अज्ञात’, प्रदेशाच्या रकान्यात तिन्ही ठिकाणी ‘कोकण’. अर्थ तेवढा कोरा. ‘घुमा’चा अर्थ विचारायला ती काकीकडे गेली. काकी जेवणावळीची उष्टी पानं गोळा करून गोठ्याकडे निघाली होती. थांबलीसुद्धा नाही. म्हणाली, “अर्थ? फुगडी घालूक अर्थ कित्याक होयो?”

पोरगी हसली, कागदाची घडी केली आणि मोबाईल काढून बसली. मला मात्र दुपारभर झोप नाही. त्या तीन ‘अज्ञात’पैकी पहिले दोन तर चांगले ज्ञात होते. ‘गोमू’ लिहिलं गदिमांनी, ‘वैशाख वणवा’ या १९६४ च्या चित्रपटासाठी. चाल दत्ता डावजेकरांची, आवाज जितेंद्र अभिषेकींचा. गदिमा माणदेशातले, शेटफळ्याचे. जिथं पावसाची वाट बघण्यात जन्म जातो, त्या मुलखातल्या माणसानं उंच माडांचं आणि साध्याभोळ्या माणसांचं कोकण असं लिहिलं, की कोकणातल्या माणसालाच ते आपल्या आजीनं म्हटल्यासारखं वाटावं. ‘डोलकर’ लिहिलं शांताबाई शेळक्यांनी. त्यांचा जन्म इंदापूरचा, तिथून समुद्र कुठल्या कुठे. चाल हृदयनाथांची, गायले लताबाई आणि हेमंतकुमार, म्हणजे नाखवाचा आवाज बंगाली! आणि नारळी पौर्णिमेला कुलाब्यापासून मालवणपर्यंत ज्या कोळीवाड्यात जावं तिथं भोंग्यावर हेच गाणं. बरं, आमच्या मालवणकडे डोलकर असतात कुठे? डोल हे उत्तरेकडचं जाळं. भरती-ओहोटीच्या ओढीला तोंड करून खुंटाला बांधायचं, बोंबील-कोळंबीसाठी. मालवण म्हणजे रापण. होडीतून जाळं टाकत वळसा घेऊन यायचं आणि किनाऱ्यावरून अख्ख्या वाडीनं दोन्ही टोकांच्या दोऱ्यांना लोंबकळून ते ओढायचं. पण रापणकरांची पोरंही याच गाण्यावर नाचतात आणि दर्याचे राजे होतात. कुणाचं काही अडत नाही.

मी पोरीला हे सांगितलं. तिनं गदिमा आणि शेळके ही नावं रकान्यात भरली आणि विचारलं, “मग ही लोकगीतं नाहीत का? खोडू?”

मी खोडू दिलं नाही. का, ते तिला नीट सांगता आलं नाही.

शिमग्यात रत्नागिरीकडे खेळे येतात, तेव्हा त्यांच्यात गोमू असतेच. साडी नेसलेला, केसांत अबोली माळलेला, मिशी काढायची राहून गेलेला एखादा तिशीतला बाप्या. संकासूर पोरांना घाबरवत पुढे, मृदंगवाला मागे आणि मध्ये लाजत, कंबर हलवत गोमू. दारात उभं राहून ‘आयना का बायना, घेतल्याशिवाय जायना’. ही गोमू गदिमांच्या गाण्याच्या कितीतरी आधीची. पण आता ती अंगणात आली की हमखास कुणीतरी सिनेमातलं गाणं लावतं आणि ती त्यावर नाचते. म्हणजे सिनेमानं गावातून नाव उचललं आणि गावानं सिनेमातून चाल उचलली, हिशेब चुकता. आमच्या सिंधुदुर्गात डबलबारीला जाऊन बघा. दोन भजनीबुवा रात्रभर एकमेकांना प्रश्न टाकतात आणि पहाटेच्या सुमाराला गजर धरतात तो नव्याकोऱ्या हिंदी सिनेमाच्या चालीवर, शब्द पांडुरंगाचे. म्हातारे नाकं मुरडतात आणि टाळही वाजवतात. शुद्ध लोकसंगीत शोधत कोकणात उतरणाऱ्यांची मला म्हणूनच थोडी गंमत वाटते. बंदरावरच्या मुलखात शुद्ध काही कसं राहील? इथं प्रत्येक गलबतातून काही ना काही उतरलेलं आहे.

पण ‘घुमा’चं तसं नव्हतं. तिथं खरंच कुणाचं नाव नाही. रात्री आरत्या झाल्या, भजनीमंडळ चहा पिऊन पुढच्या घरी गेलं आणि बायकांनी खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, फेर धरला. सारवलेली जमीन पावसानं ओलसर, पायाला गार लागणारी. वर मांडवाचे झाप, एका खांबाला बांधलेला बल्ब, त्याच्याभोवती पाखरं. आधी फुगड्या, मग दंडफुगडी, मग किकीचं पान, मग कुणाला तरी कोंबडा घालायची हौस आणि गुडघे धरून बसणं. साठीच्या बाया सोळाव्या वर्षाच्या पोरींना दमवत होत्या. फुगडीत ताल पायांचा नसतो, श्वासाचा असतो. तोंडानं ‘फूss फूss’ करत फिरायचं, त्यातच बोल म्हणायचे आणि दम संपायच्या आत समोरचीची जिरवायची. छापलेल्या पुस्तकात हे बोल फार केविलवाणे दिसतात. सरोजिनी बाबरांनी राज्याच्या लोकसाहित्य समितीतर्फे गावोगावची गाणी गोळा करून छापली, साने गुरुजींनी (तेही पालगडचे, म्हणजे आमच्या कोकणातलेच) बायकांच्या ओव्या जमवल्या, ते झालं नसतं तर आपण कंगाल राहिलो असतो हे खरंच. पण पानावरच्या ओळीला धाप लागत नाही.

‘नाच गो घुमा’ सगळ्यांना पाठ. एकजण म्हणते नाच, दुसरी म्हणते कशी मी नाचू. ह्या गावचा त्या गावचा सोनार नाही आला, जोडवी नाही मला, कशी मी नाचू. मग कासार आला नाही, बांगड्या नाहीत. मग शिंपी आला नाही, चोळी नाही. लहानपणी मला वाटायचं की ही घुमा नुसती आळशी आहे, कारणं सांगते. मोठेपणी कळतं की ती नाचतेच आहे. गाणं म्हणताना सगळ्या जणी गरागरा फिरत असतात. नाचत नाचत सांगायचं की मी नाचू शकत नाही. आणि सांगायचं कुणाला? सोनार-कासार तर तिथं नसतात. ओट्यावर बसलेल्या असतात सासवा, चुलतसासवा, आणि पडवीत झोपेचं सोंग घेतलेले घरधनी. तक्रार त्यांच्या कानावर घालायची असते. मुलीकडे वळून बोलायचं आणि सुनेला लागायचं, याच्या उलट्या दिशेची ही कला.

फेर सुटल्यावर काकी माझ्यापाशी येऊन टेकली. पदरानं मान पुसली. दुपारचा विषय तिच्या डोक्यात होताच, कारण आपणहून म्हणाली, “तोंडार बोलाची सोय नाय होती तेवा. फुगडीत बोललंय तर कोण काय म्हणतलो?” आणि मग तिनं संपाच्या वर्षाचं सांगितलं.

१८ जानेवारी १९८२ ला मुंबईतल्या कापड गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर. त्यांतल्या कितीतरी जणांची घरं कोकणात, आणि घरं म्हणजे म्हातारे, बायका, पोरं. आमचे काका गिरणीत, धाकटे काकाही गिरणीत. महिन्याच्या महिन्याला मनीऑर्डर यायची, तिच्यावर वाण्याची उधारी फिटायची, शाळेची फी जायची, खळं शाकारलं जायचं. पहिले दोन-तीन महिने कुणाला काही वाटलं नाही. मग पोस्टमन आमच्या वाडीकडे न वळता थेट वरच्या वाडीत जायला लागला. काकी सांगते, बेड्यावरून (म्हणजे आमच्या कुंपणाच्या फाटकावरून) त्याची सायकल दिसली की सासूबाई काहीतरी काम काढून आत जायच्या. त्या वर्षी गणपतीला दोघेही भाऊ आले ते उसन्या पैशांनी, अंगावर जुने सदरे, पोरांना खाऊ नाही. गणपती आणला, रंग जरा कमी बघून आणला. करंज्या केल्या, त्यात खोबरं घरचं होतं म्हणून निभावलं. आणि रात्री खळ्यात ‘घुमा’ सुरू झाल्यावर सोनार झाला, कासार झाला आणि मग माझ्या धाकट्या काकीनं एकदम म्हटलं:

ह्या गावचो त्या गावचो पोस्टमन नाय इलो, मनीऑर्डर नाय माका, कशी मी नाचू?

क्षणभर फेर थांबला म्हणे. नंतर जे हसू फुटलं, ते कुणाला आवरेना. बाया खाली बसल्या, पोटं धरली, एकीला तर उचकी लागली. शेजारच्या घरातल्या बायांनी, त्यांचेही नवरे गिरणीतच, तो बोल उचलला आणि दुसऱ्या रात्री तो पलीकडच्या खळ्यात होता. विसर्जनापर्यंत त्यात रेशनवाला आला, घासलेट आलं. सासूबाई मात्र पोस्टमनचं नाव निघताच उठून आत गेल्या होत्या. त्या का गेल्या, यावर घरात अजून तीन मतं आहेत. आत्या म्हणते, रागानं. धाकटी काकी जिवंत असेपर्यंत म्हणायची, रडायला. आणि ही काकी म्हणते, चुलीवर दूध ठेवलेलं होतं.

पडवीतल्या दोन्ही भावांना ते ऐकू गेलं असणारच. त्यांनी काय केलं, असं मी विचारलं. काकी म्हणाली, “काय करतले? निजले होते.” आणि हसली.

तर आता या ओळीचा कवी कोण? धाकटी काकी सातवी शिकलेली. तिनं आयुष्यात दुसरी ओळ रचली की नाही, ठाऊक नाही. ती ओळ पुढे कुणी लिहून घेतली नाही, संप विरघळला, गिरण्यांच्या जागी मनोरे उभे राहिले, मनीऑर्डरीची पद्धत गेली आणि तो बोलही गेला. या गाण्यांमधून अशी किती कडवी आली आणि गेली असतील! आपल्याकडे सोनार-कासार शिल्लक राहिले ते त्यांच्या वाटचे दागिने सगळ्याच पिढ्यांच्या बायकांना मिळाले नाहीत म्हणून, असं मला वाटतं.

आणखी एक. आमच्याकडचा पुरुषांचा जाखडी नाच, मुंबईकर ज्याला बाल्या डान्स म्हणतात, तोही गणपतीतच. एका पायात चाळ, मध्ये ढोलकी आणि शाहीर, भोवती रिंगण. शक्तीवाले आणि तुरेवाले या दोन पक्षांची रात्रभर जुगलबंदी. चाकरमान्यांनी ती मुंबईत नेली, परळच्या दामोदर नाट्यगृहात तिकीट लावून केली. त्या गाण्यांत शेवटच्या कडव्यात शाहिराचं नाव येतंच, गुरूचं येतं, कधी गावाचंही. पुरुषानं रचलं की खाली सही. बायकांच्या गाण्यात नाव येतं ते नवऱ्याचं, उखाण्यातून. तेव्हा प्रकल्पाच्या कागदावर ‘अज्ञात’ म्हणून जो कुणी आहे, तो बहुतेक वेळा चुलीपाशी उभा असलेला असतो. ओव्यांचंच बघा. गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातल्या जात्यावरच्या लाखाहून जास्त ओव्या जमवल्या, आणि प्रत्येक ओवीबरोबर ती म्हणणारीचं नाव, तिचं गाव लिहून ठेवलं. मला त्या कामातली ही गोष्ट सगळ्यात मोठी वाटते.

उत्तर कोकणात एका ठिकाणी मात्र गाणारी बाई अज्ञात नाही. ती मानकरी आहे. अलिबागजवळ एका आगरी लग्नाला गेले होते. मांडवाच्या एका कोपऱ्यात धवलारीण बसली होती. हिरवं लुगडं, कपाळभर कुंकू, समोर सूप. आगरी-कोळ्यांच्या लग्नात पूर्वी विधी तीच पार पाडायची. प्रत्येक विधीचा वेगळा धवला, म्हणजे लग्नातलं गाणं, वाद्य नाही, घाई नाही, एकाच सुरात लांबत जाणारा. देवांना बोलावणं, पितरांना बोलावणं, हळदीला, उंबराला. बाहेर डीजेवाल्यानं आवाज तपासायला सुरुवात केली होती. छायाचित्रकार दर दोन मिनिटांनी ‘मावशी, थोडं पुढचं घ्या’ म्हणत होता. ती पुढचं घेत नव्हती. तेराव्या शतकात महदाइसेनं रिद्धपूरला गोविंदप्रभूंच्या हौसेखातर लग्नाचे धवळे गायले, मराठीतली आद्य कवयित्री म्हणून आपण तिला ओळखतो, हे शाळेत घोकलं होतं. ती पाठ्यपुस्तकातली महदाइसा आणि ही समोरची बाई यांच्यामध्ये सातशे वर्षं आहेत आणि लग्नघराची तीच गडबड आहे. धवलारिणीला मी नंतर विचारलं, पुढे कोण शिकतंय? तिनं बोटानं आपल्या नातीकडे दाखवलं. नात डीजेपाशी नाचत होती. मावशींना त्यात वाईट काही दिसत नव्हतं. “नाचू दे. माजा बी वय व्हता तवा मी खय बसले व्हते?”

गोडवे गाताना एक गोष्ट राहून जाते, ती राहू नये. आमच्या खळ्यात फुगडीला वाडीतल्या सगळ्या बायका यायच्या, असं आम्ही सांगतो. सगळ्या म्हणजे आमच्या वाडीतल्या. पऱ्ह्यापलीकडच्या (ओढ्यापलीकडच्या) वाडीतल्या बायका भातलावणीला आमच्या शेतात असत, चिखलात गुडघाभर उभ्या राहून गात असत, त्यांच्या गाण्यावर आमचं भात लागे. पण गणपतीच्या रात्री त्या आमच्या खळ्यात आल्याचं मला आठवत नाही. त्यांच्या वाडीत कोणती गाणी होती, हे मला त्या काळी कळलंच नाही. घुमाच्या गाण्यात सोनार येतो, शिंपी येतो, पण गावकुसाबाहेरचं कुणी येत नाही. लोकगीतातला ‘लोक’ कुठल्या बेड्यापाशी थांबतो, ते त्या त्या गावाला नेमकं माहीत असतं.

आता फुगडीच्या स्पर्धा होतात. एकसारख्या नऊवारी, छातीवर मंडळाचं नाव, कॉर्डलेस माइक, परीक्षक. यंदा जवळच्याच गावात बघायला गेले. प्लास्टिकबंदीवर फुगडी होती, मुलगी वाचवा होती, लसीकरण होतं. फिरणं इतकं रेखीव की कुणाला धापच लागत नव्हती, आणि मला कंटाळा आला, खोटं कशाला बोलू. पण तिथं एका संघात पऱ्ह्यापलीकडच्या आणि अलीकडच्या मुली एकमेकींचे हात धरून फिरत होत्या. ज्या खळ्याचं मला एवढं कौतुक, तिथं हे कधी घडलं नव्हतं. बक्षीस दुसऱ्याच संघाला मिळालं.

परतीच्या वाटेवर रत्नागिरीत एक दिवस थांबले आणि सकाळी मिरकरवाड्याच्या जेटीवर गेले. बोटी लागत होत्या, बर्फ फुटत होता, बांगड्याचे ट्रे सरकत होते, डिझेलच्या आणि मासळीच्या वासानं डोळे चुरचुरत होते. या बोटींवर आता खलाशी बरेचसे नेपाळी असतात. हंगामाला येतात, समुद्र पहिल्यांदा इथंच बघतात. एक विशीतला पोरगा जाळं सोडवत बसला होता आणि तोंडानं ‘मी डोलकर’ चालू होतं. चाल पक्की, शब्द भलतेच. ‘दर्याचा राजा’ पर्यंत ठीक, पुढे नुसते आवाज, मध्येच एखादा नेपाळी शब्द. बोटीचा तांडेल, म्हणजे खलाशांचा म्होरक्या, मुसलमान, पांढरी दाढी, मिरकरवाड्यातच जन्म गेलेला, तराफ्यावरून ओरडला की असं नाही रे, आणि त्यानं त्याला पुढची ओळ म्हणून दाखवली. तीही चुकीची होती. शांताबाईंच्या गाण्यात तसं नाहीच. पोरानं मान डोलावली आणि तीच ओळ, तांडेलाची, मोठ्यानं म्हटली. पलीकडच्या बोटीवरच्या दुसऱ्या नेपाळ्यानं ती उचलली. तांडेल म्हणाला, “आता बराबर,” आणि बर्फवाल्याशी पैशांवरून भांडायला गेला.